आईंना कुठे ठेवायचं, हे ठरवायचं कुणी?

पत्र पहिलं

ताई, माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे चिंचवडला आल्या. न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमरचं निदान केलं, त्याला आता चार वर्षं झाली. दुपारी चार वाजले की पर्स घेऊन दाराशी जातात, ‘पोरं खोळंबली असतील’ म्हणतात. अडवलं की हात उगारतात. एकदा गॅस चालू ठेवून बाल्कनीत जाऊन बसल्या होत्या. माझ्याकडे बोट दाखवून सोसायटीत सांगतात, ‘हिनं माझ्या पाटल्या विकल्या.’ ब्युरोच्या दोन बायका सोडून गेल्या. गेल्या पंधरा दिवसांत तर फारच वाढलंय. रात्रभर जाग्या असतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, कपड्यांत लघवी होते.

मी पतसंस्थेत नोकरी करते, मुलगी बारावीला आहे. दोन केअर सेंटर बघून आले. एकाने महिना ४५ हजार सांगितले, दुसऱ्याने २८ हजार. आईंना पेन्शन ३६ हजार आहे. यजमान म्हणतात, ‘तू म्हणशील तसं करू.’ नाशिकच्या नणंदबाई म्हणतात, ‘माझ्या आईला आश्रमात टाकायचं असेल तर आधी मला मेलेली समजा.’ मी कुणाला विचारू? आणि दोन्हीपैकी कुठलं निवडू?

– नाव राखून ठेवले आहे, चिंचवड

उत्तर

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी आधी घेते, कारण ते थांबू शकत नाही. ‘गेल्या पंधरा दिवसांत फारच वाढलंय.’ अल्झायमर असा उडी मारत नाही, तो महिन्यामहिन्यांनी चढतो. पंधरा दिवसांत माणूस एवढा बदलला, भिंतीवर माणसं दिसायला लागली, तर बहुतेक वेळा वरून दुसरं काहीतरी बसलेलं असतं. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नाहीतर सर्दीचं किंवा झोपेचं नवं औषध. याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. लघवीची आणि सोडियमची तपासणी होईल, हे बघा. कारण सापडलं तर आई कदाचित महिन्यापूर्वी होत्या तिथे परत येतील. कायमचा निर्णय त्या अवस्थेकडे बघून घ्यायचा, या पंधरा दिवसांकडे बघून नाही.

आता तुमचा प्रश्न. सेंटर कुठलं, हे शेवटी बघू. तुमच्या घरात हा निर्णय घ्यायला माणूसच बसलेला नाही, ही आधीची अडचण आहे. ‘तू म्हणशील तसं करू’ हे ऐकायला फार समजूतदार वाटतं. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी समाजसेवा अधीक्षक होते, तेव्हा हे वाक्य बाकावर बसलेल्या कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की बरं झालं तर आम्ही केलं आणि वाईट झालं तर तिनं केलं. तुमचे यजमान वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आईचं असं होणं मुलाला बघवत नाही, म्हणून तो बघतच नाही, एवढंच. पण सही त्यांचीच लागणार आहे.

कायदाही हेच सांगतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. त्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नाव त्यात नाही. म्हणजे कायद्याच्या कागदावर तुमच्या नणंदबाई तुमच्या यजमानांइतक्याच जबाबदार आहेत आणि तुम्ही नाही. घरात बरोबर उलटं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. हा मुद्दा भांडणात वापरू नका. स्वतःपुरता मात्र ठेवा. दोन भावंडांनी ठरवायचं आहे, तुम्ही त्यांना माहिती देणाऱ्या आहात.

नणंदबाईंना फोनवर समजावणं सोडून द्या. त्यांची आई त्यांना फोनवर भेटते, आणि फोनवर या बाई दहा मिनिटं अगदी छान बोलत असणार. ‘बरी आहेस ना, पोरं काय म्हणतात?’ शिक्षिका होत्या, संभाषणाची सवय शेवटपर्यंत टिकते. नणंदबाईंना आठ-दहा दिवस राहायला बोलवा आणि तेव्हा तुम्ही मुलीला घेऊन माहेरी जा. बारावीचं वर्ष आहे, चांगलं निमित्त आहे. घरात बहीण-भाऊ आणि आई, एवढेच राहू देत. सूड म्हणून नाही. सलग चार रात्री जागल्याशिवाय ही गोष्ट कळतच नाही, कुणालाही. विरोध करणारी माणसं त्यानंतर बहुतेक वेळा वेगळं बोलतात. काही तरीही बोलत नाहीत, तो स्वभाव झाला. मग भावाने निर्णय घ्यायचा आणि बहिणीला कळवायचा.

त्या आल्या की त्यांच्याकडे परवानगी मागू नका. काम मागा. दर महिन्याचा डॉक्टरांचा फोन कोण घेणार? नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला कोण बघणार? (जीवन प्रमाण आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं.) पेन्शनला जे कमी पडेल त्यातले निम्मे कोण घालणार? महिन्यातले कुठले दोन रविवार नाशिकचे? जी व्यक्ती कामाची यादी घेते तिचं मत ऐकायचं. जी घेत नाही तिचं मत चहाबरोबर ऐकायचं आणि कप धुऊन ठेवायचे.

पाटल्यांबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण पत्रात ते वाक्य तुम्ही मध्येच घाईत लिहून टाकलंय. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही आणि आपल्याला आठवत नाही हेही कळत नाही, मग मेंदू रिकामी जागा भरतो: ‘कुणीतरी घेतली.’ आणि कुणीतरी म्हणजे जी दिवसभर समोर असते ती. नाशिकच्या लेकीवर हा आळ कधी येणार नाही. आईंशी वाद घालू नका, ‘चला, आपण दोघी शोधू’ म्हणा. खऱ्या पाटल्या यजमानांच्या नावाने लॉकरमध्ये टाका आणि त्याचा फोटो नणंदबाईंना पाठवा. सोसायटीतल्या दोन जाणत्या बायकांना आजाराचं नाव सांगून टाका. लपवण्यातच जास्त दमायला होतं.

मग तुम्ही विचारायचं कुणाला? या रस्त्याने गेलेल्यांना. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ मध्ये केरळात सुरू झाली, देशभर तिच्या शाखा आहेत. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना किंवा मोठ्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा, की सांभाळणाऱ्यांचा गट जवळ कुठे भरतो. अशा बैठकीत भाषण नसतं. कुणीतरी सांगतं, माझे वडील आंघोळीला कसे तयार होतात. दुसरं सांगतं, अमक्या सेंटरमध्ये दोन महिन्यांत आईला पाठीवर जखम झाली. ही माहिती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. शक्य असेल तर पहिल्या बैठकीला यजमानांना एकट्यालाच पाठवा. दुसरा पुरुष बोलताना ऐकला की आपले पुरुष बोलतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

फोनवर बोलायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. वृद्धाश्रम, कायदा, पेन्शन याबद्दल ते माहिती देतात. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि तो फोन आईंसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात बसून रडू येतं तेव्हाचा. आईंवर हात उगारावासा वाटला, असं कुणाला सांगता येत नाही. तिथे सांगा. समोरचा माणूस दचकत नाही.

आता सेंटर. तुम्ही दोन पाहिलीत, बहुधा सकाळी अकराला, फोन करून. पुन्हा जा, न सांगता, संध्याकाळी सहाच्या सुमारास. या आजारात दिवस मावळायला लागला की बहुतेकांची घालमेल वाढते आणि सेंटरची खरी परीक्षा तेव्हाच असते. ऑफिसात बसू नका. जिथे माणसं बसलीयेत तिथे जा. कुणी त्यांच्याशी बोलतंय का, की सगळे टीव्हीसमोर ओळीने? जेवण भरवणारी मुलगी उभी राहून भरवते की बसून? उभी राहून भरवत असेल तर तिच्यावर माणसं जास्त आहेत. वास येतोय का, हे नाक सांगेलच. पण फिनेलचा फार उग्र वास असेल तर तोही वासच समजा.

तिथे चार गोष्टी थेट विचारायच्या. रात्री किती माणसं जागी असतात, झोपलेली नाही, जागी? हात किंवा कंबर बांधता का, कधी, आणि कुणाला विचारून? शांत ठेवायला कुठल्या गोळ्या देता आणि सुरू करण्याआधी आम्हाला कळवाल का? ही विचारपूस आगाऊपणाची नाही. डिमेन्शियाच्या (म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, अल्झायमर त्यातलाच एक) वृद्धांना दिल्या जाणाऱ्या या मनोविकारावरच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. कधी ती द्यावी लागतात, पण डॉक्टरांनी बघून, कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी. आणि चौथं, जे लोक विचारतच नाहीत: आई चालायच्या बंद झाल्या, गिळायच्या बंद झाल्या, तर तुम्ही त्यांना ठेवणार की ‘घेऊन जा’ म्हणणार? ‘आमच्याकडे चालते-फिरतेच पेशंट असतात’ असं उत्तर आलं, तर ते सेंटर तुमच्यासाठी नाही. दोन वर्षांनी, सगळ्यात वाईट वेळी, पुन्हा शोधाशोध करावी लागेल. नोंदणी कशाखाली आहे तेही विचारा आणि कागद बघायला मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकारही येतात, आणि अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते.

२८ हजार आणि ४५ हजार यांची तुलना आज होऊच शकत नाही. डायपर, औषधं, डॉक्टरांची भेट, फिजिओ, वेगळी खोली, रुग्णालयात नेलं तर सोबतचा माणूस, हे कशात आहे आणि कशात नाही, ते लिहून घ्या. अनामत किती, माणूस महिन्यातच गेला किंवा परत आणला तर किती परत मिळते, तेही. सत्तरीवरच्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, सेंटरमध्ये राहण्याचा खर्च त्यात बसत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर प्राप्तिकरात डिमेन्शियाच्या उपचारखर्चाची वजावट मिळते, ज्येष्ठांसाठी कमाल एक लाख. त्याला तज्ज्ञांचं प्रमाणपत्र लागतं, न्यूरॉलॉजिस्टना आधीच सांगून ठेवा.

मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका. करून देणाऱ्याचं भान गेलं की आपल्याकडच्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र संपतं, नेमकं गरज असते तेव्हा. आईंच्या नावावर घर किंवा मोठ्या ठेवी असतील तर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं, मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत मुलांना आईवडिलांचे कायदेशीर पालक नेमलेलं आहे. वेळ आणि वकील दोन्ही लागतात. नुसती पेन्शन आणि एक खातं असेल तर आधी बँकेच्या व्यवस्थापकांना भेटा.

एकदम कायमचं ठेवण्याआधी मधली पायरी आहे का ते बघा. काही ठिकाणी दिवसभराचं डे केअर असतं. मुंबईत डिग्निटी फाउंडेशन डिमेन्शियाच्या लोकांसाठी ते चालवते. काही सेंटर पंधरा दिवस, महिनाभर ठेवून घेतात. बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात असं करून पाहा. तुम्हाला सेंटर कळेल, त्यांना आई कळतील, आणि नणंदबाईंनाही ‘कायमचं’ हा शब्द लगेच गिळावा लागणार नाही.

ठेवायचं ठरलं तर बरोबर एक कागद द्या, एकाच पानाचा. चहा किती गोड. कुठल्या कुशीवर झोपतात. आंघोळ सकाळची की दुपारची. चार वाजता दाराशी जातात तेव्हा ‘आज शाळेला सुट्टी आहे, बाई’ म्हटलं की ऐकतात का, ते आधी घरी करून बघा आणि चाललं तर तेही लिहा. सेंटरमध्ये सगळ्यांना ‘आजी’ म्हणतात. तुमच्या आईंना ‘बाई’ म्हणायला सांगा. आयुष्यभर त्याच हाकेला ओ दिलीय त्यांनी. हाताशी एक फाटकी वही आणि लाल पेन ठेवायला द्या, तपासत बसतील. गोधडी घरचीच पाठवा, नवी नको.

पहिले काही आठवडे ‘मला घरी ने’ म्हणतीलच. घरी असतानाही म्हणतच असतील, हो ना? त्या घराचा पत्ता आता चिंचवड नाही. भेटायला जाताना जेवणाच्या वेळी जा आणि भरवा. निघताना मोठा निरोप घेऊ नका, ‘येते हं’ म्हणून उठा. आणि भेट यजमानांच्या वाट्याची असेल त्या रविवारी तुम्ही जायचं नाही. त्यांनी ‘चल ना’ म्हटलं तरी नाही.

पत्र दुसरं

मी देवरुखजवळच्या वाडीत राहतो, आंब्याची कलमं आहेत. वडील ७४ वर्षांचे, स्मृतिभ्रंश आहे. रात्री उठून बागेत जातात. मी एकटाच, लग्न झालेलं नाही. बहीण मुंबईला असते, ती म्हणते तिकडे एखाद्या सेंटरमध्ये ठेवू. इथे जवळपास काहीच नाही.

– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर

मुंबईची घाई करू नका. कलमांत आयुष्य काढलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलं तर तो जास्त बिथरेल, आणि तुम्ही महिन्यातून एकदा तरी पोचाल का, हे तुमचं तुम्हीच बघा. आधी रत्नागिरीला जा. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळी ओपीडी आहे, वार विचारून घ्या. प्रादेशिक मनोरुग्णालयही रत्नागिरीतच आहे. नाव ऐकून दचकू नका. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचारतज्ज्ञ असतात, दाखवून, औषध घेऊन संध्याकाळच्या एसटीने परत येता येतं.

विहिरीला आजच जाळी टाका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. वडिलांच्या सगळ्या सदऱ्यांच्या आत नाव आणि तुमचा नंबर शिवून घ्या. खिशात ठेवलेली चिठ्ठी ते काढून टाकतील. वाडीत, दुकानात आणि देवरुखच्या एसटी स्टँडवर सांगून ठेवा. दिवसाचा माणूस ठेवण्यापेक्षा रात्रीचा ठेवा, पडवीत झोपेल असा, ओळखीचा. दिवसा वडील तुमच्याबरोबर बागेत राहतील, पण तुम्हाला झोप मिळाली नाही तर दोघांचंही काही खरं नाही.

हे सगळं करूनही एक दिवस तुम्हाला झेपणार नाही, तेव्हा सेंटरचं बघाच. त्या आधी बहिणीला पैशांबरोबर दिवसही मागा. वर्षातून दोनदा तिने येऊन राहायचं आणि तुम्ही घराबाहेर पडायचं. ती म्हणेल, गणपतीला येतेच आहे. गणपतीत नको. घर भरलेलं असतं, आरत्या, झांजा, पाहुणे, वडील त्या गडबडीत रात्रभर झोपणार नाहीत आणि तुम्हाला बाहेर पडता येणार नाही. तिला आषाढात बोलवा, आणि दुसऱ्यांदा दिवाळीनंतर.